सत्तेचाळीस सेंटिमीटरवरची गाठ

११ जानेवारी

ती. मामा,

नमस्कार फोनवरच केला असता. पण तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि तुमच्या मते मला नीट बोलता येत नाही, तेव्हा पत्रच बरं.

मी वस्तुसंग्रहालयाच्या लाकूड विभागात रुजू झाले, हे आईकडून कळलं असेलच. गेल्या उन्हाळ्यात एका आटलेल्या तळ्याच्या गाळात एक लांब लाकडी वस्तू सापडली. वय सात हजार वर्षांच्या आसपास. माझ्या मते ते धनुष्य आहे. जूनमध्ये नवं दालन उघडतंय. त्यात ते ठेवायचं, आणि शेजारी तसंच एक नवं, हाताने केलेलं, लोकांना ओढून बघता येईल असं. बाजारात मिळतात ती खेळाची असतात, यंत्रावर कापलेली. मला सुतार हवाय. आणि ज्याचं काम मी मुकाट्याने मान्य करीन असा एकच सुतार मला माहीत आहे.

गुंडाळीत मूळ आकाराचं रेखाटन आहे. मूळ वस्तू सध्या पाण्याच्या पेटीत बुडवून ठेवलेली आहे. तिला हात लावायला मलासुद्धा कुणाची तरी सही लागते, म्हणून रेखाटनावरच भागवावं लागेल. पुडीत गारगोटीचे दोन छिलके आहेत. ते करणाऱ्या माणसाकडे रंधा नव्हता, हे होते. बोटं जपा, वस्तऱ्यासारखे लागतात.

मामीला सांगा, घरभर भुसा झाला तर बोलणी मला खायला लावायची.

तुमची
बिट्टी


१९ जानेवारी

चि. बिट्टी,

आशीर्वाद आधी घे आणि मग सोबत परत पाठविलेले तुझे पत्र पाहा. तांबड्या शाईने सात ठिकाणी खुणा केल्या आहेत. तुझ्या त्या सात हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला लिहिता येत नव्हते, हे तुझ्या बाजूचे समर्थन होऊ शकत नाही.

काम स्वीकारले आहे. निवृत्त झाल्यापासून गेली नऊ वर्षे मी शेजाऱ्यांच्या खुर्च्यांचे डुगडुगणारे पाय बसवीत आहे, आणि त्या कामात मेंदूचा कोणताही भाग खर्ची पडत नाही. मात्र एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मी आयुष्यभर न हलणाऱ्या वस्तू केल्या आणि मुलांकडून करवून घेतल्या. ज्याची पेटी काटकोनात नसे, ज्याची फळी तसूभरही वाकलेली असे, त्याला मी नापास केले. वाकावी म्हणून करावयाची वस्तू मी कधी केलेली नाही.

आता प्रश्न. लाकूड कशाचे आहे, हे तू लिहिलेले नाहीस. जणू लाकूड ही एकच जात आहे. टोकांना दोरी अडकविण्यासाठी खाच का दिसत नाही? वरच्या टोकापासून सत्तेचाळीस सेंटिमीटरवर चित्रकाराने लांबट वर्तुळ काढले आहे, ती गाठ आहे की चहाच्या कपाचा डाग? आणि तो माणूस उजवा होता की डावरा, हे तुम्हा लोकांना कळते का? हा शेवटचा प्रश्न कामासाठी आवश्यक नाही. मला जाणून घ्यावयाचे आहे.

तुझा
मामा


२७ जानेवारी

ती. मामा,

लाकूड तुतीचं. वर्तुळ म्हणजे गाठच, चहाचा डाग माझ्या वहीवर असतो, रेखाटनावर नाही. टोकांना खाच नाही, ती नुसती निमुळती होत जातात. दोरीचा फास त्या निमुळत्या टोकावर सरकत जाऊन जिथे अडकेल तिथे बसत असावा, असा माझा तर्क आहे. इथे तो सगळ्यांना पटलेला नाही.

उजवा की डावरा, ते सांगता येत नाही. एवढंच सांगते, की त्याने तुतीची मनगटाएवढी फांदी घेतली, बाहेरची बाजू जवळजवळ तशीच राखली आणि आतली बाजू तासत नेली. पाठ म्हणजे धनुष्य धरणाऱ्यापासून दूर असलेली बाजू. पोट म्हणजे त्याच्याकडची. ओढल्यावर पाठ ताणली जाते आणि पोट दबतं.

या पत्रात चुका कमी आहेत. मी दोनदा वाचलंय.

बिट्टी


२४ फेब्रुवारी

चि. बिट्टी,

चार चुका आहेत, प्रगती समाधानकारक.

पत्रास विलंब झाला, कारण मी लाकूड शोधीत होतो. मूळ वस्तूची प्रतिकृती करावयाची, तर गाठही तिच्याच जागी हवी, हे तुला मान्य होईल. वखारवाल्याला मी तसे सांगितले. तो माझा जुना विद्यार्थी आहे आणि पूर्वी मला घाबरत असे. पन्नास वर्षांच्या धंद्यात, वडिलांच्या वेळेपासून धरून, लोक बिनगाठीचे लाकूड मागत आले. सत्तेचाळीस सेंटिमीटरवर गाठ मागणारे गिऱ्हाईक पहिलेच, असे तो म्हणाला. मग त्याने मामीला बाजूला घेऊन माझ्या तब्येतीची चौकशी केली. मामीने त्याला उत्तर दिले, की सर पहिल्यापासून असेच आहेत.

शेवटी वखारीत नव्हे, तर चौकापलीकडच्या दवाखान्यामागे गेल्या वर्षी तोडलेल्या तुतीची एक फांदी मिळाली. तेथील डॉक्टरीणबाईंनी ती कुंपणाला टेकवून ठेवली होती. वर्षभर सावलीत सुकलेली, सरळ, आणि एका टोकाकडून मोजले असता गाठ बरोबर सत्तेचाळिसावर. मी मापाची पट्टी तीनदा लावली. त्या खिडकीतून पाहत होत्या, हे नंतर लक्षात आले.

गेले दोन आठवडे मी सकाळी आठ ते बारा मागल्या खोलीत असतो. सुरुवात लाकूड तासावयाच्या वाकसाने केली. नंतर तुझे छिलके हाती घेतले आणि वाकस ठेवून दिला. गारगोटीच्या धारेने लाकूड कापले जात नाही. खरवडून त्याचा पातळ, कुरळा पापुद्रा निघतो आणि प्रत्येक वेळी हाताला कळते की खाली लाकूड कोणत्या दिशेला चालले आहे. पोलादी हत्यार आपले म्हणणे लाकडावर लादते. दगडाला आधी लाकडाचे ऐकावे लागते. चाळीस वर्षे शिकविले, आणि हे मला कोणी सांगितले नाही.

तू म्हणतेस तो निमुळता उतार, मुठीपासून टोकाकडे हळूहळू कमी होत जाणारी रुंदी, हे त्या माणसाचे खरे कौशल्य आहे. रेखाटनावर कंपास फिरवून पाहिला. मुठीच्या दोन बाजूंच्या दोन्ही भुजांत सूतभर फरक नाही. डोळ्यांनी एवढे अचूक करणारा माणूस माझ्या कोणत्याही वर्गात पहिला आला असता. गाठीपाशी पाठीवर लाकूड फुगून उंचवटा आला होता. तो मी साफ केला. पाठ आता काचेसारखी आहे. मामीने डोळे मिटून बोट फिरविले, तिला गाठ सापडली नाही.

दोन आठवड्यांत दोरी चढेल.

तुझा
मामा


१६ मार्च

चि. बिट्टी,

काम चालू आहे.

एक माहिती हवी. मूळ वस्तूत गाठीपाशी पाठीची उंची आजूबाजूच्या लाकडापेक्षा किती अधिक आहे? रेखाटन वरून काढलेले असल्याने ते समजत नाही. मिलिमीटरमध्ये कळव. घाई नाही, परंतु पुढील टपालाने कळविल्यास बरे.

मामा

(खाली मामीचं अक्षर) बिट्टे, आठवडा झाला, जेवताना मीठ हवं की नको एवढंच बोलतात. मागल्या खोलीला कडी असते. मला विचारलंस तर मी सांगणार नाही, कारण मला सांगू नकोस म्हणून बजावलंय. तू आपलं गोड लिही.


२३ मार्च

ती. मामा,

मामीने लिहिलंय त्यावरून वाटतं, तुमचा खांदा पुन्हा दुखतोय. गेल्या वर्षीसारखं लपवू नका. दालन काही माझ्या एकटीवर अडलेलं नाही. जून नाही तर जुलै. तुम्हाला झेपेल तसं करा, आणि नाही झालं तर तसंही सांगा. मी रागावणार नाही.

गाठीचं विचारलंत. मी मुद्दाम सही घेऊन पेटी उघडली आणि बोट फिरवलं. उंचवटा शून्य. त्याने ती इतकी सपाट तासलीय, की डोळे मिटले तर सापडत नाही. म्हणजे तुम्ही फेब्रुवारीत केलंत तेच त्याने केलंय. खूश व्हा.

बिट्टी


२८ एप्रिल

चि. बिट्टी,

माझा खांदा उत्तम आहे. तुझे पत्र वाचून मी खूश झालो नाही, तर कोड्यात पडलो. का, ते विचारू नकोस.

सोबतच्या लांब खोक्यात धनुष्य आहे. दवाखान्यामागच्याच तुतीच्या दुसऱ्या फांदीचे आहे. हिचीही गाठ सत्तेचाळिसावर आहे. मूळच्या मापात एकच बदल केला आहे आणि तो मी प्रामाणिकपणे नोंदवितो. गाठीभोवती पाठीवरचे लाकूड चार मिलिमीटर उंच राखले आहे. गाठ पाण्यातल्या खडकासारखी असते. लाकडाचे धागे तिला वळसा घालून जातात. ते वळणच तासून काढले, तर पाठीवरचा ताण धरून ठेवायला कोणी उरत नाही. तुझ्या कारागिराचे तेथे कसे निभावले, हे मला अद्याप समजलेले नाही.

शाळेच्या मैदानावर प्रयोग केला. फासाविषयीचा तुझा तर्क बरोबर आहे. दोरी टोकावर सरकली आणि पहिल्या ताणालाच घट्ट बसली. बाण पंचाऐंशी पावले गेला. मामीचा त्र्याण्णव पावले गेला. तिने बाण सोडल्यानंतर काही काळ डोळे उघडले नाहीत, ही गोष्ट नोंदीत घेऊ नये असे तिचे म्हणणे आहे.

तुझा
मामा


९ मे

ती. मामा,

धनुष्य पोचलं. मी ते हातात घेतलं आणि मग बराच वेळ खाली ठेवलंच नाही. लाकूड हातात जिवंत लागतं हे मी ऐकून होते, आता कळलं.

पण तुमच्यापासून काही गोष्टी लपवल्या होत्या, त्या आता सांगायलाच हव्यात. इथे ते धनुष्य आहे असं मानणारी मी एकटी आहे. आमचे प्रमुख म्हणतात, ती ओझं वाहायची दांडी, खांद्यावर ठेवायची. मी अहवालात माझ्या सहीने ‘धनुष्य’ लिहिलं, आणि त्यांनी तेव्हाच सांगितलं की हे सिद्ध केलंत तर दालन तुमचं. नाही तर पाटीवर ‘लाकडी दांडा, उपयोग अज्ञात’ असं येईल आणि माझी नेमणूक, जी तात्पुरती आहे, जूनच्या पुढे जाणार नाही. तुमच्यावर ओझं नको म्हणून लिहिलं नाही. तुम्ही एरवीच झोप घालवून काम करता.

तुमचं धनुष्य मी त्यांना दाखवलं. त्यांनी शांतपणे बघितलं. म्हणाले, ‘सुंदर आहे. पण यावरून एवढंच सिद्ध होतं की तुमचे मामा धनुष्य करू शकतात.’ त्यांचे मुद्दे असे, की मूळ वस्तूच्या टोकांवर दोरी घासल्याची एकही खूण नाही. गाठीपाशी तुम्हीच मूळ मापं सोडली, म्हणजे मूळ मापाची वस्तू ओढता येत नसावी. आणि ती मोडलेली आहे, ओझ्याने.

हो, मोडलेली. हेही मी सांगितलं नव्हतं. ती दोन तुकड्यांत सापडली. चित्रकाराने रेखाटनात ती सांधून, अखंड दाखवली, कारण तुम्हाला अखंड वस्तू करायची होती.

बावीस तारखेला बैठक आहे. काही सुचलं तर लिहा. नाही सुचलं तरी लिहा.

बिट्टी


१३ मे

चि. बिट्टी,

हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय लेखणी हाती घेऊ नकोस. मूळ वस्तू कोठे मोडली, कोणत्या बाजूने मोडली, ह्याविषयी एक अक्षरही मला लिहू नकोस.

नऊ मार्चला सकाळी सव्वाअकरा वाजता मी पहिले धनुष्य ओढले आणि ते मोडले. पहिल्याच ताणाला. मोठा आवाज झाला. मामी हातातले काम टाकून धावत आली. मी तिला सांगितले की कपाट पडले. ती म्हणाली, कपाट तर तुमच्या मागे उभे आहे.

ही गोष्ट मी तुला कळविली नाही. कारण सांगावयास लाज वाटते, म्हणूनच ते सांगितले पाहिजे. मोडलेली वस्तू कोणी लपवू नये, ती वर्गासमोर मेजावर आणून ठेवावी आणि का मोडली ते स्वतः सांगावे, असा माझ्या वर्गाचा नियम होता. चाळीस वर्षे मी तो मुलांकडून पाळून घेतला. कितीजण रडले, त्यांचे चेहरे मला आठवतात. माझ्यावर वेळ आली तेव्हा मी दाराला कडी घातली आणि तुला लिहिले, ‘काम चालू आहे.’ चूक मीच केली, असे मला वाटत होते. गाठ तासली मी. मूळ कारागीर असे करणारच नाही, अशी माझी खात्री होती. तुझ्या उत्तराने मी कोड्यात पडलो तो ह्यासाठी. त्याने गाठ तासली, आणि तरीही त्याचे धनुष्य शाबूत राहिले, असे तुझ्या रेखाटनावरून दिसत होते.

तुझे पत्र आले आणि कोडे सुटले. निदान मला तसे वाटते. खरे की खोटे, ते तुम्ही ठरवावे.

सोबत लांब खोक्यात दोन तुकडे आहेत. खोके लाखेने बंद केले आहे. एक तुकडा मामीने स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकू म्हणून लावला होता, त्याबद्दल क्षमस्व. दुसऱ्या पाकिटात मोड कोठे सुरू झाला, कोणत्या बाजूवर, कोणत्या दिशेने आणि किती लांब गेला, ह्याचे टिपण आहे. डॉक्टरीणबाईंनी ते वाचून, तुकड्यांशी ताडून, तारखेसह सही केली आहे. पाकीट तू उघडू नकोस. तुमच्या प्रमुखांनी ते बैठकीत सर्वांसमक्ष उघडावे, आणि नंतरच पेटीतली वस्तू बाहेर काढावी.

टिपण जुळले नाही, तर मोडलेली वस्तू दोन महिने लपविणारा म्हातारा, एवढीच माझी ओळख तेथे राहील. ती चुकीची असणार नाही.

मामा


२३ मे

ती. मामा,

सगळं क्रमाने सांगते. तुम्ही तसंच म्हणाला असता.

प्रमुखांनी पाकीट उघडलं आणि मोठ्याने वाचलं. ‘मोड पाठीवर सुरू झाला. आरंभ गाठीच्या मुठीकडील कडेला. तेथून फाळका उठून टोकाच्या दिशेने एकोणीस सेंटिमीटर गेला. पोटाकडील धागे तुटले नाहीत, दबून चुरले.’ वाचून त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला, मग लक्षात आलं तसा काढून टेबलावर ठेवला. मग पेटी उघडली. मूळ वस्तू आणि तुमचे तुकडे शेजारी शेजारी मांडले.

गाठीच्या मुठीकडची कड. तीच बाजू. तीच दिशा. सात हजार वर्षांपूर्वीचा फाळका एकवीस सेंटिमीटर आहे. पोटाकडे तसाच चुरा.

ओझ्याची दांडी खांद्यावर मोडते, म्हणजे मध्यावर; अशी भुजेवर, गाठीपाशी, नाही. आणि तुमच्या तुकड्यांच्या टोकांवर तरी दोरीच्या खुणा कुठे आहेत? जी वस्तू पहिल्याच ताणाला मोडली, तिच्यावर दोरी घासणार कधी? हे मला बोलावं लागलं नाही, प्रमुखच बोलले. मग त्यांनी विचारलं, ‘हे गृहस्थ आणखी काही मोडून देतील का? आपल्याकडे अशा बऱ्याच वस्तू पडून आहेत.’

पाटीवर ‘धनुष्य’ येणार. माझी नेमणूक दोन वर्षांनी वाढवली. आईला मीच फोन करते, तुम्ही आधी सांगू नका.

आता एक विनंती, तुम्हाला आवडणार नाही अशी. तुमचं मोडलेलं धनुष्य दालनात, मूळच्या शेजारी, काचेत ठेवायचं आहे. चांगलं झालेलं बाहेर, लोकांच्या हातात. तुमचे किती विद्यार्थी येतील याची मला कल्पना आहे, म्हणून पाटीवर तुमचा उल्लेख करणार नाही. ‘आधुनिक प्रयोग’ एवढंच. मूळच्या पाटीचा मसुदा असा: ‘धनुष्य. तुतीचे लाकूड. अननुभवी कारागिराने गाठ तासून काढल्यामुळे पहिल्याच ताणाला मोडले व तळ्यात टाकले गेले.’

तपासून द्या. तांबडी शाई चालेल.

बिट्टी


२९ मे

चि. बिट्टी,

तुझे अभिनंदन. मामी तुझे पत्र घेऊन शेजारी गेली आहे, तेव्हा आईला बातमी अगोदरच पोचली असेल. त्यास मी जबाबदार नाही.

मसुद्यात शुद्धलेखनाची चूक नाही. एक शब्द मात्र खोटा आहे आणि तो काढावा. ‘अननुभवी’.

नवशिक्या माणसाच्या हातून असे धनुष्य मोडत नाही. नवशिका गाठीला हात लावायला घाबरतो. तो ती ओबडधोबड तशीच ठेवतो आणि त्याचे धनुष्य, दिसायला कुरूप असले तरी, टिकते. ज्याने दोन्ही भुजांचा उतार सूतभर न चुकता डोळ्यांनी साधला, त्याच्या हाताखालून कितीतरी लाकडे गेली असणार. गाठ एवढी स्वच्छ तासायला वर्षे लागतात. पाठीवर उंचवटा दिसतो, तो खुपतो, हाताला सवय असते, हत्यार फिरते. त्या वेळी आपण विचार करीत नसतो. आपल्याला आपले काम येते, एवढेच आपल्याला ठाऊक असते. मला नेमके हेच झाले. तो माणूस चांगला कारागीर होता, आणि त्या सकाळी त्याने मोडके तुकडे तळ्यात फेकले तेव्हा आसपास कोणी पाहत नाही ना, हे त्याने आधी पाहून घेतले असेल, असे मला वाटते. हे पाटीवर लिहू नकोस.

‘आधुनिक प्रयोग’ हेही चालणार नाही. प्रयोग मोडावा म्हणून करतात. मी मोडू नये म्हणून केले होते. माझ्या पाटीचा मजकूर पुढीलप्रमाणे असावा: ‘धनुष्य. तुतीचे लाकूड. गाठ तासून काढल्यामुळे पहिल्याच ताणाला मोडले. कारागीर: सुतारकामाचे निवृत्त शिक्षक, अनुभव चाळीस वर्षे.’ अनुभवाची वर्षे अक्षरांत लिहावीत. विद्यार्थी येतील तर येऊ देत. वखारवाल्याला मी स्वतः कळविले आहे.

मूळच्या पाटीवर ‘अननुभवी’ काढून नुसते ‘कारागिराने’ ठेवावे. दोन्ही पाट्या एकाच उंचीवर लावाव्यात, आणि त्यांतील अक्षरांचा आकार एकच असावा.

तुझा
मामा